दुसरं कधी?

"वैनी, ऐकलं का? आमचा नातू दुसरा काढालाय."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आक्कांनी ही बातमी दिली तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. नातवाचं अजून पहिलंच लग्न व्हायचंय, हे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्यामुळे मी जरा बिचकतच विचारलं, "दुसरा काय, आक्का?"

"आल्बम ओ! गाण्याचा. ते पंक का फंक म्हणत्यात न्हवं, त्येचा."

जीव भांड्यात पडला, पण आक्कांचा सूर ओळखीचा होता. लग्नाला वर्ष होत नाही तोवर 'काय विशेष?', आणि पहिल्याच्या बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत 'आता दुसरं कधी?'. विचारणाऱ्याचं काय जातंय? रात्री जागायचं दुसऱ्यानं! बँडवाल्यांची गत याहून वेगळी नाही म्हणे. पहिला अल्बम त्यांच्याकडे कुणी मागितलेला नसतो, तो आपसूक होतो. दुसरा मात्र सगळा गाव मागतो.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"त्येलाच इचारा. आठ दिस झालं, नुसतं छताकडं बगत पडतंय. मी म्हटलो, पोटात दुखालंय काय? तर म्हणतंय, आज्जी, मला राग येईना झालाय."

आक्कांसमोर सुपात लाल मिरच्या होत्या. एप्रिल महिना, चटणीचे दिवस. देठं काढता काढता त्या शिंकत होत्या आणि शिंकता शिंकता बातम्या देत होत्या. तेवढ्यात नातू गिटार घेऊन बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

याची हकिगत थोडक्यात अशी. इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथं चौघांचं जमलं आणि बँड झाला. पहिला अल्बम त्यांनी खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केला आणि इंटरनेटवर सोडून दिला. सगळी गाणी मिळून अर्ध्या तासात आटोपतात. आक्कांनी तो मोबाईलवर ऐकलाय. "सुरू झालं म्हणंपतोर संपलं. मला वाटलं लाईट गेली."

"आज्जी, ते तसंच असतंय," नातू म्हणाला. "न्यूयॉर्कच्या रमोन्सनी १९७६ मध्ये पहिला अल्बम काढला. चौदा गाणी, अर्धा तास पण नाही. आठवड्याभरात रेकॉर्डिंग उरकलं, खर्च साडेसहा हजार डॉलरच्या आतबाहेर. त्या काळात मोठे बँड एकेका अल्बमला महिनोन्‌महिने लावायचे आणि एकेक गिटार सोलो दहा मिनिटं चालायचा. ह्यांनी सोलो काढूनच टाकला."

"चौघं भाऊ व्हय रं?"

"कोण कुणाचं नाही. सगळ्यांनी आडनाव तेवढं एक लावून घेतलं. जोई रमोन, जॉनी रमोन, डीडी रमोन, टॉमी रमोन."

"वाजवत्यात कसं ते दाखव वैनीस्नी."

मग त्यानं दाखवलं. डाव्या हाताची दोन बोटं जाड तारांवर दाबली, उजव्या तळव्याची कड तारांच्या मुळाशी टेकवली आणि पिक नुसतं वरून खाली मारत सुटला. खालून वर येताना तारेला स्पर्श नाही. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज खडखड एवढाच. पण अर्ध्या मिनिटात पोराच्या मनगटाची शीर टरारून वर आली. "जॉनी रमोन आख्खा कार्यक्रम असा खाली-खाली वाजवायचा," तो हात झटकत म्हणाला. "लोक म्हणतात पंकला काय येतंय, तीन कॉर्ड. तीन तर तीन, अर्धा तास ह्या वेगानं वाजवून बघा म्हणावं."

आवाजाचं आक्कांना कौतुक नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीनं घराच्या काचा हादरतात त्या गावातली बाई ती. हलगी-घुमकं कडाडायला लागलं की आजही पदर खोचून दारात येते. नातवाला राग का येत नाही, याचीच तिला चौकशी जास्त.

तर त्याचं कारण आहे बाप. आक्कांचा लेक, उद्यमनगरात लेथ चालवतो. पोरगा गिटार घेऊन आला तेव्हा यानं जेवणाचं ताट सरकवलं होतं. पहिल्या अल्बमची निम्मी गाणी बापावर, उरलेली मेसच्या भाजीवर आणि कॅम्पस इंटरव्ह्यूवर. अल्बम निघाला, पोरांच्या तोंडी झाला, कुणीतरी कारखान्यात येऊन म्हणालं, "मालक, तुमच्या पोराचं गाणं लई कडक हाय." झालं! बाप एका रात्रीत बदलला. पोराला नवा अँप्लिफायर घेऊन दिला. आपल्यालाच शिव्या घातलेलं गाणं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलं.

"आता मी ओरडू कुणावर, काकू?" नातू म्हणाला. पोरगं खरंच रडकुंडीला आलं होतं.

आक्का म्हणाल्या, "माझ्यावर ओरड. पर चटणी डंकावर पोचवून दिल्यावर."

मी म्हटलं, अरे, पण रमोन्सनी काय केलं? त्यांचा दुसरा कसा झाला?

"त्यांनी डोकंच लावलं नाही. जानेवारी १९७७ मध्ये 'लीव्ह होम' काढला. परत चौदा गाणी, परत अर्धा तास. गंमत निराळीच झाली. एका गाण्यात कार्बोनाचं नाव होतं. ते तिकडचं कपड्यांचे डाग काढायचं औषध. ती ट्रेडमार्कची भानगड निघाली आणि गाणं अल्बममधून काढावं लागलं. त्याच्या जागी दुसरं घातलं."

"पहिल्यात न्हाई कुणी काय बोललं?" आक्कांनी विचारलं.

"पहिला ऐकलेला कुणी आज्जी!"

आक्कांनी देठ मोडला. "म्हंजे असं हाय बगा वैनी. पहिल्याला गावाचं ध्यान नसतंय, कायबी बोला. दुसऱ्याच्या टायमाला कंपनी कान लावून बसलेली असती."

एवढं नेमकं कुठल्या समीक्षकानं लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

लंडनच्या बातम्या नातवाकडे ताज्यातवान्या, जणू काल खासबागेत घडल्यात. त्यातली एक ऐकून मीसुद्धा कपडे खांद्यावर टाकून भिंतीला टेकले. गोष्ट पाचगणीच्या पोराची. फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पण शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथंच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानो वाजवायचा. पुढं लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला, 'क्वीन' बँडचा. १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी क्वीन बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात जाणार होते. ऐनवेळी त्यांनी नाही म्हटलं. फ्रेडीला दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं, असं सांगतात. ई. एम. आय. कंपनीनं बदली म्हणून आपलाच नवा बँड धाडला, सेक्स पिस्टल्स. पोरांनी थेट प्रक्षेपणात, लोकांच्या चहाच्या वेळेला, ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यांचीच. ग्रंडीला दोन आठवडे घरी बसवलं, जानेवारीत कंपनीनं बँडला नारळ दिला, आणि पंक म्हणजे काय हे इंग्लंडमधल्या आजीबाईंनाही कळलं.

"एका दाढंपायी!" आक्का म्हणाल्या. "तरी मी पोरास्नी सांगतो, गोड खाल्लं की चूळ भरा."

"पुढचं ऐका की. १९७७ मध्ये क्वीन आणि पिस्टल्स लंडनच्या एकाच स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होते, वेसेक्समध्ये. पिस्टल्समधला सिड व्हिशस फ्रेडीच्या खोलीत घुसला आणि खवचटपणे विचारता झाला, काय, बॅले नेलास का जनतेपर्यंत? तर फ्रेडीनं त्याचं नावच बदलून टाकलं. सायमन फेरोशियस म्हणून हाक मारली आणि बाहेरचा रस्ता दाखवला."

"आणि त्या शिवराळांचा दुसरा आल्बम?"

"निघालाच नाही. पहिला ऑक्टोबर १९७७ ला आला, जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात फुटले. संपलं."

"आणि नाव?"

"नाव अजून आहे."

"मग बरंच की! दुसऱ्याच्या आत भांडून घ्यायचं."

नातू हसला, पण मला वाटतं त्याच्या मनात ते येऊन गेलेलं असणार. पंकमधली ती सगळ्यात सोपी वाट. फुटलेल्या बँडकडं कुणी 'दुसरं कधी' म्हणून विचारायला येत नाही. अडचण न फुटलेल्यांची.

तशांतला एक बँड म्हणजे द डॅम्ड. ब्रिटिश पंकचा पहिला अल्बम त्यांचा, फेब्रुवारी १९७७. त्याच नोव्हेंबरात दुसरा हजर. हौस अशी की निर्माता म्हणून पिंक फ्लॉइडचा जुना गायक सिड बॅरेट पाहिजे. तो बिचारा केव्हाच जगापासून दूर गेलेला. मग फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन आला. आता पिंक फ्लॉइड म्हणजे पंकवाल्यांचा हाडवैरी. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन 'फ्लॉइडचा तिटकारा आहे' असं लिहिलेला शर्ट घालून हिंडायचा. अल्बम पडला, कंपनीनं हात झटकले, थोड्याच महिन्यांत बँड मोडला.

"ज्येच्या घरावर दगड मारला, त्येच्याकडंच भाड्यानं ऱ्हायला गेलं," आक्कांनी निकाल दिला.

"पण परत एकत्र आले, आज्जी. १९७९ ला तिसरा काढला, तो गाजला."

आक्कांनी 'तिसरा' हा शब्द सुपात बाजूला काढून ठेवल्याचं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि द क्लॅश?" मी विचारलं. हे नाव मला माहीत होतं, म्हणून जरा ऐटीत.

"त्यांचा पहिला इतका ओबडधोबड होता की त्यांच्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेनं तो तिकडं काढायलाच नकार दिला. म्हणून दुसऱ्याला अमेरिकन निर्माता लावला, सँडी पर्लमन. घासून-पुसून चकचकीत केला. नोव्हेंबर १९७८ ला आला, ब्रिटनच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेला. तरी जुनी पोरं कुरकुरलीच, हे आमचे क्लॅश नव्हेत म्हणून."

म्हणजे पहिल्यासारखाच काढला तर 'ह्यांना एवढंच येतंय', आणि वेगळा काढला तर 'हे बदलले'. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आपल्या मुंबईतही हेच. 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' म्हणून पंक वाजवणारा बँड. पहिल्या अल्बमच्या नावात कालिचरणाचा सूड. आक्कांनी मान वर केली, "शत्रुघ्न सिन्हाचा कालिचरण?" पिक्चरही रमोन्सच्या पहिल्यासारखा १९७६ चाच, पण तो योगायोग. दुसऱ्या अल्बमात, 'सबर्बन प्रिन्स'मध्ये, त्यांनी सिंथेसायझर आणले आणि चाल ऐंशीच्या दशकातल्या पॉपकडे वळवली. कुणी वा म्हटलं, कुणी नाक मुरडलं.

एवढ्यात मास्तर आले, हातात भाजीची पिशवी. हे आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, देवल क्लबच्या मैफली न चुकवणारे. पंक हा शब्द ऐकून ते पुढं निघून जातील असं वाटलं होतं. पण त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली. म्हणजे मुक्काम किमान अर्धा तास.

"आवाज गेला म्हणतोस?" ते नातवाला म्हणाले.

"आवाज आहे हो मास्तर. राग गेलाय."

"एकच. ऐक. अल्लादियाखाँसाहेब तरुणपणी उत्तरेत अमलेटा नावाच्या संस्थानात होते. राजाला गाण्याचं वेड, दिवसच्या दिवस गायला लावायचा. गळा इतका ताणला की आवाज बसला, आणि बसला तो जवळजवळ दोन वर्षं उठलाच नाही. परत आला तो पहिल्यासारखा गोड नाही, जाडाभरडा. दुसरा कुणी असता तर रडत बसला असता, नाहीतर जुनाच गोडवा आणायचा खटाटोप करत राहिला असता. खाँसाहेबांनी त्या आवाजाला सोसेल, शोभेल असं नवं गाणं बांधलं. लयीची गुंफण, पेचदार तान, लांब दम, अनवट राग. ते गाणं घेऊन ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले. आज जयपूर-अत्रौली म्हणतात ते घराणं त्या मोडलेल्या गळ्यातून उभं राहिलंय, बाळ."

गल्ली क्षणभर गप्प. मास्तरांनी संधी साधली. "आणि तू ते १९७७, १९७७ करतोयस ना? त्याच वर्षी खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं गाणं व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेलं. तुमचे रमोन्स कुठवर पोचले?"

"मास्तर, नाद खुळा!" नातवानं हात जोडले.

मग मलाही राहवेना. आपल्याकडंही एक पत्ता होता. मी म्हटलं, कोल्हापूरचाच एक रॉकवाला सांगू? अरुण कोलटकर. जन्म इथला, शाळा राजाराम हायस्कूल. कवी म्हणून सगळ्यांना माहीत, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या गृहस्थानं इंग्रजी गाणी लिहिली, चाली बांधल्या, अर्जुन शेजवळांकडं पखवाज शिकला, काही गाण्यांचं डेमो रेकॉर्डिंगही केलं. रेकॉर्ड काही निघाली नाही. तिकडं मँचेस्टरच्या बझकॉक्सनी १९७७ च्या जानेवारीत उसने पैसे काढून आपली तबकडी आपणच छापली, हजार प्रती, आणि पंकवाले त्याचे गोडवे गातात. कोलटकरांनी तीन कवीमित्रांबरोबर 'क्लिअरिंग हाउस' काढून मुंबईत आपली पुस्तकं आपणच छापायला घेतली ती त्याच्या आदल्या वर्षी. त्यातलं एक 'जेजुरी'. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

"आणि मग दुसरं कधी?" आक्कांनी विचारलं. सवयच ती.

"मराठी कवितांचं पुस्तक लगेच आलं, १९७७ मध्येच. पण इंग्रजीतलं दुसरं थेट २००४ मध्ये. 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र', दोन्ही एकदम. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले."

नातवानं बोटं मोजली. "अठ्ठावीस वर्षं!"

"मधल्या काळात लोक विचारत असणारच. त्यांनी लिहिणं थांबवलं नव्हतं, फक्त गावाला उत्तर दिलं नाही."

मास्तरांनी हळूच मान हलवली. आक्कांना मात्र हे पटलं नाही. "अट्ठावीस वर्सं? मी काय तवर ऱ्हातोय व्हय रं? माझ्या डोळ्यादेखत काढ."

सूप रिकामं झालं. मिरच्या, भाजलेला खडा मसाला, खोबरं असं सगळं डब्यात भरून नातू डंकावर निघाला. मलाही माझी चटणी कांडून आणायची होती, मी डबा घेऊन मागोमाग गेले. डंकाच्या खोलीत तिखटाचा खकाणा भरलेला. लोखंडी मुसळं एकाआड एक पडत होती, जमीन पायाखाली थरथरत होती, आणि डंकवाल्या बाई तोंडाला पदर बांधून उखळातली चटणी पळीनं सारखी करत होत्या. मुसळ पडायच्या आत पळी आत, मुसळ पडायच्या आत पळी बाहेर. चुकून कधी थबकली नाही. नातू नाकाला रुमाल लावून, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असताना, मोबाईल उंच धरून उभा. पाच मिनिटं सगळा आवाज भरून घेतला.

परत येताना मी विचारलं, "हे अल्बमला?"

"ड्रमर ह्याच्यावर वाजवेल, काकू. मेट्रोनोम लावायचाच नाही." मग चार पावलं गप्प चालून म्हणाला, "आणि गाणं बाबांवरच करतो. पहिल्यात म्हटलं होतं, हा माणूस माझं काही ऐकत नाही. आता तो रोज सकाळी लेथ सुरू करताना माझंच गाणं मोठ्यानं लावतो आणि कामगारांना म्हणतो, ऐका, ह्यात मी हाय. आता मी काय करायचं? ह्यावर ओरडता येतंय का, ते बघतो."

मला ते एकदम पसंत पडलं. ज्या रागावर बँड उभा होता, तोच पहिल्या अल्बमानं खाऊन टाकला. मग जे शिल्लक राहिलं, ते घेऊनच बसायला हवं. जुना राग उसना आणून ओरडणारे पुष्कळ असतात, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्या कडव्यातच कळतं. निर्माता अमेरिकेतून आणा, नाहीतर फ्लॉइडमधून, तो ह्याला पुरा पडत नाही. खाँसाहेबांनी जाड आवाज लपवला असता तर घराणं झालं नसतं.

भिंतीपाशी आक्का वाटच बघत होत्या. चटणीचा डबा हातात घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, "खोबरं कमी पडलं" म्हणाल्या आणि नातवाकडं वळल्या.

"व्हय रं, त्या क्लॅशवाल्यांचा तिसरा कसा झाला म्हणालास?"

"म्हणालो नाही अजून. 'लंडन कॉलिंग', डिसेंबर १९७९. दोन तबकड्या एकीच्या किमतीत. सगळ्यात भारी तोच, आज्जी. जगात वाखाणतात."

"आणि त्या दगड मारणाऱ्यांचा तिसराबी गाजला?"

"व्हय की."

"पहिला आपसूक हुतोय, दुसऱ्याला सगळी शिव्या घालत्यात, तिसरा गाजतोय. मग दुसऱ्यापायी छताकडं बगत पडायची गरज काय? त्या शिव्या खाऊन टाक लवकर, आणि तिसऱ्याला लाग." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडं वळल्या. "वैनी, आता तुमचं सांगा. सुनंचं काय विशेष?"